महीच्या माथी

"बेन, मेल नथी जतो."

माझी सगळी नोकरी या चार शब्दांत मावते. फोन उचलला की नमस्कार नाही, केम छो नाही, थेट हेच. सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा आरोप जास्त असायचा, जणू मीच त्याच्या मेलचा पाय ओढून धरला होता. मी "आले" म्हणायचे आणि उठायचे. जागेवर गेल्यावर निम्म्या वेळा कळायचं की मेल कधीच पोचली आहे, पलीकडच्या माणसाने उत्तर दिलेलं नाही एवढंच. पण तो दोषही मेलचाच धरायची आमच्याकडे पद्धत होती.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, वडील सरकारी कचेरीत. शेठच्या नोकरीत जाणारी घरातली मी पहिली. कारखाना सावलीच्या रस्त्यावर, रासायनिक कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवणारा. नाव सांगत नाही. शेठ मराठी दिवाळी अंक वाचत नाहीत, पण त्यांचे वकील मराठी आहेत. वडिलांना माझं काम शेवटपर्यंत नीट समजलं नाही. "म्हणजे तू पोस्टमास्तर?" असं ते विचारायचे आणि मी हो म्हणायचे. खरं तर मी पोस्टमास्तर, पोस्टमन, पेटी रंगवणारी आणि पत्र हरवलं की शिव्या खाणारी, अशी सगळीच होते. शेजारच्या काकूंना वडील कौतुकाने सांगायचे, "आमची सुनंदा कॉम्प्युटरवरची टपाल बघते." काकू म्हणायच्या, "असू दे हो, हळूहळू चांगलं काहीतरी मिळेल."

दिवस होते देशाची दारं उघडण्याचे. आता जग हाच बाजार, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती आणि आमच्या शेठनी ते मनावर घेतलं होतं. जगाच्या बाजारात उतरायचं तर मेल हवी आणि मेलला सर्व्हर हवा. सर्व्हरला पैसे पडतात हे कळल्यावर शेठनी कुठल्याशा संस्थेने मोडीत काढलेली तीन युनिक्स वर्कस्टेशनं उचलून आणली. युनिक्स म्हणजे माणसाचे फारसे लाड न करणारी व्यवस्था. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. तुम्ही हुकूम टाइप करायचा आणि यंत्राने तो अक्षरशः पाळायचा. यंत्रं जुनी होती, पण खानदानी. धूळ, उकाडा, सावलीची वीज, सगळं सोसून चालायची. त्यांच्यात एकच विचित्रपणा होता, तो म्हणजे सांगितलेलं ऐकायची. आमच्या ऑफिसात ही सवय दुसऱ्या कुणाला नव्हती.

अशा प्रत्येक यंत्राला एक नाव द्यावं लागतं. शेठनी देवींची नावं सुचवली आणि मेलच्या यंत्राचं नाव ठेवलं अंबा. पहिल्याच आठवड्यात विजेने दगा दिला आणि कुणीतरी तत्परतेने शेठच्या घरी फोन केला, "अंबा मा बंध पडी गयां छे." फोन शेठच्या आईने, म्हणजे बांनी उचलला होता. बांनी त्या दिवशी उपवास धरला, आणि संध्याकाळच्या आत नावं बदलायचा हुकूम आला. मग नद्या आल्या. ड्रॉइंगची दोन यंत्रं नर्मदा आणि तापी झाली, मेलचं यंत्र झालं मही.

नाव बदलणं शेठच्या लेखी दारावरची पाटी बदलण्याइतकं सोपं होतं. पण मेलचा सगळा कारभार एका फाइलवर चालतो. कुठली मेल आपली, कुठली परक्याची, पत्ता कसा वाचायचा, पुढे कुणाकडे द्यायची, याचे नियम तिच्यात असतात. ती फाइल प्रथम बघणाऱ्याला वाटावं की छापखान्यात खिळ्यांचा खण सांडला आहे. डॉलर, कंस, टक्क्यांची चिन्हं, मध्येच एखादं बिचारं अक्षर. मी सगळीकडे नाव बदललं, पण एका कोपऱ्यात अंबा राहून गेली. झालं. मही आलेली मेल उघडायची, वर अंबाचा पत्ता बघायची, "ही आपली नव्हे" म्हणून पुढे पाठवायची, आणि पुढे म्हणजे पुन्हा स्वतःकडेच. दिवसभर ती स्वतःच्याच दारावर टकटक करत होती. शेवटी तिने पडद्यावर लिहून दिलं की ही मेल फिरून फिरून माझ्याकडेच येते आहे, माझ्या व्यवस्थेत काहीतरी चूक आहे. त्या दिवसापासून मला मही आवडायला लागली. आपलं चुकतंय असं आपणहून लिहून देणारी ती कारखान्यातली एकटीच होती.

बाहेरच्या जगासाठी अख्ख्या कंपनीचा मेलचा पत्ता मात्र एकच होता. ज्याला त्याला वेगळा पत्ता दिला तर लोक आपापला धंदा सुरू करतील अशी शेठना भीती. त्यामुळे येणारी प्रत्येक मेल एकाच पेटीत पडायची आणि ती पेटी उघडायचा मान होता फुवाजींचा. फुवाजी म्हणजे शेठच्या आत्याचे यजमान. एका शेठचे फुवा म्हणून सगळ्या कारखान्याचे फुवाजी. पांढरंशुभ्र धोतर, टेबलावर पानाचा डबा, आणि वागण्यात कमालीचा गोडवा. ते प्रत्येक मेल कागदावर छापायचे, कोपऱ्यात आवक क्रमांक घालायचे, शेठच्या सहीसाठी ठेवायचे, आणि मग ती ज्याची त्याला मिळायची. जगाच्या टोकाहून क्षणात आलेली मेल फुवाजींच्या टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला दोन दिवस घ्यायची. छापून झाली की फुवाजी ती यंत्रातून पुसून टाकायचे. "पेटी चोख्खी जोइए," असं त्यांचं म्हणणं. पुसायचं कसं हे त्यांनी माझ्याकडून एका बैठकीत शिकून घेतलं होतं. बाकी काही शिकायची त्यांना गरज वाटली नाही.

बाहेर जाणाऱ्या मेलचं काम प्रफुलभाईंकडे होतं. परदेशी गिऱ्हाइकांना भाव कळवायचा, ड्रॉइंग पाठवायचं, रागावलेल्याला समजवायचं, हे सगळं त्यांचं. मांजलपूरहून स्कूटरवर यायचे, पाऊस असो, ऊन असो, स्वेटर घालूनच. लिहिलेली मेल स्वतःला मोठ्याने वाचून दाखवायचे, मग पाठवायचे, आणि ती पडद्यावरून गेली की हात जोडायचे. मी एकदा त्यांना सांगितलं, "प्रफुलभाई, तुमच्या पडद्यावरून गेली म्हणजे जगात गेली असं नाही." ते म्हणाले, "बेन, मारा हाथमां तो हाथ जोडवानुं ज छे."

त्या काळी इंटरनेट चोवीस तास वाहत नव्हतं. मही दिवसातून दोनदा मोडेमवरून अहमदाबादला फोन लावायची, एकदा सकाळी आणि एकदा रात्री दर उतरल्यावर. जमलेली मेल देऊन टाकायची, आलेली घेऊन यायची. मधल्या वेळात कुणी काही पाठवलं तर ते महीच्या रांगेत उभं राहायचं. पाठवणारा चहा पिऊन घरी जायचा आणि त्याची मेल सावलीतच असायची. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलं होतं की शेवटी मी समजावणं सोडलं.

आता दिवाळी. गुजरातेत दिवाळीच्या दिवशी चोपडापूजन होतं, हिशेबाच्या नव्या वह्यांची पूजा. त्यानंतर धंदा बंद, तो लाभपाचमेला मुहूर्तावर उघडतो. आमच्याकडे चोपड्यांबरोबर महीही पूजेला बसायची. तिच्या डोक्यावर हवा खेळायला बारीक झरोके होते आणि गोर महाराज नेमके तिथेच कुंकू नि अक्षता वाहायचे. मी शेजारी उभी राहून हळू आवाजात "महाराज, वर नको, वर नको" म्हणत राहायचे. महाराजांना वाटायचं मी काही मंत्र पुटपुटते आहे. लाभपाचमेनंतर मी रंगाचा ब्रश घेऊन तिच्या पोटातून तांदूळ काढत बसायचे. एकदा शेठना स्पष्टच म्हटलं की कुंकवाने हिचा पंखा जाम होतो. शेठ शांतपणे म्हणाले, "बेन, कंकुथी कोइनुं खराब थयुं छे?"

आमच्या कारखान्याचा आणखी एक नियम होता, शेठच्या वडिलांपासूनचा. नव्या वर्षाचा पहिला व्यवहार जमेचा हवा, खर्चाचा नको. अहमदाबादला फोन लावणं म्हणजे खर्च. म्हणून पूजा झाली की मोडेमचं बटण बंद करायचं आणि त्याला नाडाछडी, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधायचा. लाभपाचमेच्या मुहूर्ताला शेठ स्वतः तो दोरा सोडायचे. मही मात्र तोवर चालू ठेवायची, कारण दिवाळीत दिवा विझवत नाहीत आणि यंत्रावरही दिवा होता, हिरवा. म्हणजे ती जागी, पण तोंड बांधलेली. मुहूर्ताला शेठच्या हाती पहिला कागद पडायचा तोही शुभ हवा, एखादी ऑर्डर किंवा निदान शुभेच्छा. ती जबाबदारी फुवाजींची. ते दिवाळीआधी आलेली एखादी चांगली ऑर्डर दडवून ठेवायचे आणि मुहूर्ताला ताजी म्हणून काढून द्यायचे. शेठना हे ठाऊक होतं. आनंद मात्र त्यांना दरवर्षी नव्याने व्हायचा.

त्या वर्षी हॉलंडमधल्या एका कंपनीला कोटेशन द्यायचं होतं. काम मोठं, कारखान्याचं नशीब उघडणारं. त्यांच्या मुदतीला आमचं पंचांग ठाऊक नव्हतं, त्यामुळे शेवटची तारीख लाभपाचमेच्या आधी पडत होती. प्रफुलभाईंनी बरेच दिवस घाम गाळून सगळं तयार ठेवलं होतं. अडलं होतं फक्त किमतीवर, आणि किंमत शेठकडे. शेठना तो आकडा शुकनाचा हवा होता, शेवटी एक येणारा, आहेराच्या पाकिटातल्यासारखा. ते रोज हिशेब करायचे आणि रोज शेवटी दुसराच आकडा यायचा.

दिवाळीच्या दिवशी सकाळी मी दरवर्षीप्रमाणे हाताने फोन लावून महीची रांग रिकामी केली. सगळी टपाल गेली, आता लाभपाचमेपर्यंत निवांत, असं म्हणून पूजेच्या तयारीला लागले. जेवणानंतर शेठना शुकनाचा आकडा सापडला. प्रफुलभाईंनी धावत जाऊन तो कोटेशनमध्ये भरला, मोठ्याने वाचला, पाठवला. पडद्यावरून मेल गेली. त्यांनी हात जोडले आणि ते पूजेला येऊन बसले. मी त्या वेळी महाराजांच्या अक्षतांवर नजर ठेवून होते. रांगेवर ठेवायला हवी होती. आरती झाली, पेढे वाटले, शेठनी मोडेमला लाल दोरा बांधला. आम्ही सगळे "साल मुबारक" म्हणत घरी गेलो.

लाभपाचमेला दोरा सुटला, शेठना फुवाजींच्या हातून ऑर्डर मिळाली, सगळं यथासांग झालं. दोन दिवसांनी हॉलंडचा फॅक्स आला. तुमचं कोटेशन मुदतीत मिळालं नाही, खेद वाटतो, काम दुसऱ्या कंपनीला दिलं आहे. दुसरी कंपनी म्हणजे आमच्याच रस्त्यावरचा एक कारखाना, आणि त्या कारखान्यात प्रफुलभाईंचे साडू नोकरीला.

शेठनी एक आणि एक मिळवून अकरा केले. प्रफुलभाईंनी मेल मुद्दामच पाठवली नाही, वर आपला भाव साडूला सांगितला, असं त्यांनी त्याच दुपारी ठरवून टाकलं. बोलले नाहीत, पण प्रफुलभाईंचं टेबल मोकळं करायला सांगितलं. मोठ्या ऑफिसात बातमी पसरायला मेल लागत नाही. चहावाल्यानेही त्यांना त्या दिवशी अर्धा कप दिला.

प्रफुलभाई माझ्याकडे आले. स्वेटरची एक बाही वर, एक खाली. त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. "बेन, में मोकल्यो हतो," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही पाठवलीत हे मला माहीत आहे. ते म्हणाले, "नोकरी तो बीजी मळशे. पण आ काळी टीली क्यां धोवा जउं?" काळी टीली म्हणजे नावाला लागलेला डाग. या रस्त्यावर एका कारखान्यातला माणूस फुटला असं झालं की दुसरा कारखाना त्याला फाटकातही उभं करत नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. मी महीसमोर जाऊन बसले.

रांग रिकामी होती. म्हणजे मेल महीपाशी नव्हती. शेठ हेच म्हणणार होते की मग ती कधी आलीच नव्हती. पण रांगेतून मेल दोनच वाटांनी जाते, पुढे किंवा मागे. पुढे जायची वाट लाभपाचमेपर्यंत लाल दोऱ्याने बांधलेली होती. म्हणजे ती मागे गेली होती.

इथे थोडं धंद्यातलं सांगते. मेल पुढे जाईना तर यंत्र ती लगेच टाकून देत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, काही तासांनी पाठवणाऱ्याला इशारा देतं की अजून जमलेलं नाही, आणि पाच दिवस पुरे झाले की हात टेकून ती त्याला साभार परत करतं. पाच दिवस ही मुदत ज्यांनी ठरवली त्यांना लाभपाचम ठाऊक असायचं कारण नव्हतं. एरवी आमचं निभावून जायचं, कारण दिवाळीची दुपार ते लाभपाचमेची सकाळ हे अंतर पाच दिवसांना थोडं कमी पडतं. पण त्या वर्षी तिथींच्या हिशेबात दिवाळी आणि नवीन वर्ष यांच्यामध्ये एक मोकळा दिवस आला होता. गुजराती लोक त्याला धोको म्हणतात. तो ना जुन्या वर्षाचा, ना नव्या. त्या एका दिवसाने मही आपल्या मुदतीच्या पलीकडे गेली आणि तिने कोटेशन प्रामाणिकपणे परत केलं. परत कुठे, तर कंपनीच्या एकमेव पत्त्यावर. म्हणजे फुवाजींच्या पेटीत.

मी फुवाजींकडे गेले. पान लावत होते. विचारलं, लाभपाचमेच्या सकाळी पेटीत काही होतं का? "हतुं ने," ते मोकळेपणाने म्हणाले. काहीतरी इंग्रजीत, मेल परत आली, मेल गेली नाही, असलंच अशुभ दोन-तीन कागदांचं. मग त्याचं काय केलं? फुवाजींनी माझ्याकडे दयेने बघितलं. "मुहूर्तमां कचरो न शोभे, बेन. साफ करी नाख्युं." आणि मला पानाचा विडा देऊ केला. त्यांच्या मनात पापाचा लवलेशही नव्हता. वर्षातला पहिला कागद शुभ निघावा म्हणून त्यांनी पहाटे येऊन पेटी झाडली होती, जशी त्यांच्या घरी अंगण झाडत असतील.

मही आपल्या कामाच्या नोंदी ठेवायची, त्यात हे सगळं होतं. पण त्या नोंदी दाखवल्या असत्या तर शेठ म्हणाले असते, हे तुम्ही टाइप केलंत. म्हणून मी शेठना यंत्रांच्या खोलीत बोलावलं. बरोबर फुवाजी आले, न बोलावता. प्रफुलभाई दारात उभे राहिले, आत यायला त्यांचा पाय होईना.

नर्मदा नावाच्या यंत्रावर मी सगळ्यांदेखत एक मेल लिहिली. बाहेरची वाट बंद केली. मग यंत्राचं घड्याळ सहा दिवस पुढे सारलं आणि रांग तपासायचा हुकूम दिला. नर्मदेने क्षणभर विचार केला आणि मेल परत दिली, वर कारण लिहून. शेठनी ते वाचलं. माझ्याकडून पुन्हा करून घेतलं. त्यांना एक शब्दही समजवावा लागला नाही. धंद्यात मुरलेला माणूस, कुठली वस्तू कुठे अडली हे त्यांना माझ्याआधी कळलं असेल.

शेठनी विचारलं, "तो वांक कोनो?"

वांक म्हणजे दोष. मी मनात मोजणी केली. लाल दोरा शेठच्या वडिलांचा. शुकनाचा एक स्वतः शेठचा. पेटी झाडली फुवाजींनी, आणि फुवाजींना काही बोलायचं तर घरी आत्याबाई होत्या. धोको आणला पंचांगाने. यातल्या कुणाकडेही बोट दाखवायची सोय नव्हती. शेठनाही ते दिसत होतं. त्यांची नजर खोलीभर फिरली, प्रत्येकावर जरा थांबली आणि पुढे सरकली. दाराशी प्रफुलभाईंवर ती बराच वेळ थांबली. सगळं समजूनही हा माणूस सोपी वाट धरणार, असं मला वाटलं. प्रफुलभाई कारखान्यात कुणाचे कुणी नव्हते.

मग शेठची नजर महीवर गेली. "बेन," ते हळूच म्हणाले, "मशीन जूनुं तो छे ज ने?"

माझ्या आयुष्यात इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नाही. त्या सगळ्या गोंधळात सांगितलेलं काम चोख करणारी एकटी मही होती. तिने इशारा दिला, वाट पाहिली, मुदत पाळली, कागद परत केला, कारण लिहिलं. पण तिला पेन्शन नव्हती, साडू नव्हता, आणि काळी टीली लागली तरी तिला कुणी चहा अर्धा देणार नव्हतं. मी दाराकडे बघितलं आणि म्हटलं, "छे. घणुं जूनुं छे."

हे खोटं नव्हतं. पण मी ते ज्या कामासाठी बोलले त्या कामाला ते खोटंच होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

शेठचा चेहरा उजळला. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि जाहीर केलं की जुन्या मशीनमध्ये खोट निघाली, तिने मेल गिळून टाकली, आणि प्रफुलभाई तर घरचे माणूस. स्वतःच्या हाताने त्यांना पेढा भरवला. फुवाजींनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने पूर्ण कप दिला, बशीत सांडेपर्यंत. मी कोपऱ्यात उभी होते. ज्या ऑफिसात सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, तिथे नातं नसलेल्याच्याच माथी दोष मारायचा असतो, हे मला त्या दिवशी नीट समजलं. प्रफुलभाई वाचले कारण त्यांच्याहून निराधार कुणीतरी खोलीत होतं.

महीला महिन्याभरात भंगारवाल्याने वजनावर नेलं. तिच्या जागी कोरा करकरीत पीसी आला. तो आठवड्याला एकदा हटकून बंद पडायचा, पण नवा असल्यामुळे त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. मी त्याच्यात पाच दिवसांची मुदत पंधरा दिवस केली आणि दरवर्षी दोरा बांधायच्या अगदी आधी पुन्हा एकदा रांग बघू लागले. शेठनी पुढच्या दिवाळीला मला चांदीचं नाणं दिलं आणि म्हणाले, "जोयुं? नवुं मशीन केटलुं सरस चाले छे!" मी नाणं घेतलं.

नंतर मेल सगळ्यांच्या खिशात आली. ज्या कामासाठी मी एवढी धावले ते काम आता कुठेतरी दूरच्या इमारतीत आपोआप होतं, आणि कुणी कुणाला "मेल नथी जतो" म्हणून हाक मारत नाही. मी निवृत्त झाले. गेल्या दिवाळीच्या दिवशी प्रफुलभाईंचा फोन आला, घरी या, चोपडापूजनाला. तेही निवृत्त; मुलाने मांजलपूरलाच दुकान टाकलं आहे, त्याच्या वह्यांची पूजा.

घरात शिरले. पाटावर वह्या मांडल्या होत्या आणि शेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली, एक ओळखीचा आकार. मी रुमाल उचलला. मही होती. एका कोपऱ्याला पोचा आलेली, रंग पिवळा पडलेला.

"भंगारवाल्याकडनं त्याच संध्याकाळी आणली," असं त्यांच्या पत्नी कोकिलाबेननी तक्रारीच्या सुरात सांगितलं. दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ही आधी हलवली. चालू होत नाही, उपयोग काही नाही, विकू म्हटलं तर हे जेवत नाहीत. कोकिलाबेन आत गेल्यावर प्रफुलभाई हळूच म्हणाले, "अमारा बेमांथी एके तो जवानुं ज हतुं, बेन. ए गयुं." म्हणजे आमच्या दोघांपैकी एकाला जावं लागणारच होतं, ते गेलं. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवून काय करू.

मला वाटायचं की महीची बाजू माहीत असलेली मी एकटीच. हे गृहस्थ इतकी वर्षं दर दिवाळीला तिची पूजा करत होते.

त्यांनी कुंकवाची वाटी पुढे केली. मी बोट बुडवलं आणि महीच्या माथ्यावर टिळा लावला, जुन्या सवयीने झरोके चुकवून. मग त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या आणि हात उचलला. माझ्या तोंडून निघून गेलं, "वर नको!"

प्रफुलभाई थबकले. मी त्यांच्या हातातून त्या अक्षता घेतल्या, आणि एवढ्या वर्षांत अडवल्या होत्या तेवढ्या सगळ्या आठवून, वरूनच, झरोक्यांतून वाहिल्या.